रुग्णालयाच्या दारात तपासणी पथक: डॉक्टर आणि रुग्णालयचालकांना कायद्याने दिलेले संरक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्रातील खासगी रुग्णालये, प्रसूतिगृहे आणि सोनोग्राफी केंद्रे यांच्याकडे निरनिराळ्या खात्यांची पथके येत असतात. कधी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे समुचित प्राधिकारी (त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी शासनाने नेमलेले अधिकारी) येतात, कधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे लेखापरीक्षक, तर कधी आयकर, जीएसटी किंवा औषध प्रशासनाचे अधिकारी. प्रत्येक खात्याचा अधिकार वेगळ्या कायद्यातून येतो आणि त्या अधिकाराला घातलेली मर्यादाही त्याच कायद्यात लिहिलेली असते. ही मर्यादा माहीत नसल्यामुळे काही डॉक्टर निमूटपणे कोणत्याही कागदावर सही करतात, तर काही दार अडवून उभे राहतात. दोन्ही प्रकारांत पुढे न्यायालयात नुकसान त्यांचेच होते. खालील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष नोटीस हातात पडल्यावर ती वकिलांना दाखवावीच लागते.

तपासणी, शोध आणि लेखापरीक्षण यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय?

फरक मोठा आहे, कारण तुमचे हक्क त्यावरच ठरतात. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रे (लिंग निवडीस प्रतिबंध) अधिनियम, १९९४ (म्हणजेच गर्भलिंगनिदानविरोधी कायदा) याखालील नियमित तपासणीसाठी गुन्ह्याचा संशय असावाच लागतो असे नाही. नोंदणीकृत केंद्राने जागा, यंत्र आणि नोंदी दाखवण्याची वाजवी सोय करून देणे हे नियम ११ नुसार त्याचे कर्तव्यच आहे. शोध व जप्ती मात्र कलम ३० खाली होते आणि तिथे ‘गुन्हा घडला आहे किंवा घडत आहे असे मानण्यास कारण’ असणे ही पूर्वअट आहे. योजनेचे लेखापरीक्षण या दोन्हींपेक्षा निराळे असते, कारण ते रुग्णालयाने स्वतः सही केलेल्या करारातून येते आणि त्याची व्याप्ती त्या करारापुरती असते. म्हणून पथक आल्यावर पहिला प्रश्न ‘आपण कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आला आहात’ हाच असावा, आणि मिळालेले उत्तर वेळेसह लिहून ठेवावे.

पूर्वसूचना न देता पथक येऊ शकते का?

होय, अनेक कायद्यांखाली येऊ शकते. सोनोग्राफी केंद्रांच्या बाबतीत तर २०१४ मध्ये नियमांत आलेल्या नियम १८-अ नुसार समुचित प्राधिकाऱ्याने प्रत्येक नोंदणीकृत केंद्राची दर ९० दिवसांतून एकदा तपासणी करणे अपेक्षित आहे. मात्र हाच नियम पुढे असेही सांगतो की तपासणी अहवाल जपून ठेवावा, त्याची प्रत केंद्राच्या मालकाला द्यावी आणि त्याची पोहोच घ्यावी. ही प्रत मागून घेण्याची सवय फार थोड्या केंद्रांना आहे. मागील चार-पाच तपासण्यांच्या ‘त्रुटी आढळली नाही’ असे म्हणणाऱ्या प्रती फाइलमध्ये असतील, तर पुढे एखाद्या तपासणीत अचानक ‘कित्येक महिन्यांपासून नोंदी अपूर्ण आहेत’ असा ठपका आल्यास त्याला कागदानेच उत्तर देता येते.

जीएसटीच्या लेखापरीक्षणाला पूर्वसूचना लागते, आयकराच्या सर्वेक्षणाला लागत नाही. त्याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

आलेल्या व्यक्तीला अधिकार आहे की नाही हे कसे पाहावे? अधिकार नसेल तर दार बंद करावे का?

ओळखपत्र आणि प्राधिकारपत्र पाहण्यास मागणे हा उद्धटपणा नव्हे. प्राधिकारपत्रावर कोणाची सही आहे, तारीख कोणती आहे, तुमच्याच केंद्राचे नाव व पत्ता त्यावर आहे का, आणि आलेल्या अधिकाऱ्याचेच नाव त्यात आहे का, एवढे चार मुद्दे दोन मिनिटांत पाहून होतात.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रविंदर कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात या प्रश्नाला बरेच महत्त्व दिले. त्या जिल्ह्यात समुचित प्राधिकारी तीन सदस्यांचा होता, पण शोध घेण्याचा निर्णय एकट्या सिव्हिल सर्जनने घेतला होता. कायद्याने हा अधिकार प्राधिकाऱ्याला दिला आहे, त्याच्या एखाद्या सदस्याला नाही, असे सांगून न्यायालयाने तो शोध बेकायदा ठरवला आणि त्यावर उभी राहिलेली फिर्याद रद्द केली. हा निकाल जसाच्या तसा सगळीकडे लागू होईल असे मात्र समजू नये. राज्याच्या अधिसूचनेने तुमच्या क्षेत्रात प्राधिकारी म्हणून एकच अधिकारी नेमला असेल, तर तीन सदस्यांचा मुद्दा तिथे उद्भवतच नाही. तुमच्या क्षेत्राची अधिसूचना मिळवून ती फाइलला लावून ठेवणे हे शांततेच्या काळात करण्याचे काम आहे.

अधिकाराविषयी शंका असली तरी दार अडवू नये. लोकसेवकाला कर्तव्य बजावताना अडथळा आणणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे आणि धक्काबुक्की झाल्यास कलम १३२ लागू शकते. आक्षेप लेखी नोंदवावा, पंचनाम्यावर ‘आक्षेपासह’ असे लिहून सही करावी आणि शोध होऊ द्यावा. बेकायदा शोधाला न्यायालयात आव्हान देता येते. त्या वेळी अंगावर घेतलेला अडथळ्याचा गुन्हा मात्र वेगळाच चालत राहतो.

जप्तीच्या वेळी कोणती कार्यपद्धती पाळली गेली पाहिजे?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण बहुतेक प्रकरणांचे भवितव्य याच एक-दोन तासांत ठरते.

शोध वाजवी वेळी, दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित साक्षीदारांच्या उपस्थितीत व्हावा लागतो. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियम १२ नुसार जप्त केलेल्या प्रत्येक कागदाची, नोंदवहीची व वस्तूची यादी जागेवरच दोन प्रतींत करायची असते, दोन्ही प्रतींच्या प्रत्येक पानावर अधिकाऱ्याची आणि साक्षीदारांची सही असायला हवी, आणि एक प्रत ज्याच्या ताब्यातून वस्तू घेतल्या त्याला पोहोच घेऊन द्यायची असते. यादी दुसरीकडे नेऊन करायची असेल तर जागेवर ती करणे का शक्य नव्हते याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. फौजदारी प्रक्रियेतील शोधाच्या तरतुदीही कलम ३०(२) मुळे शक्य तितक्या लागू होतात. त्या तरतुदी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत असून, जागेच्या ताबेदाराला शोधाच्या वेळी हजर राहू देणे हा त्यांचा भाग आहे.

आता यादी कशी वाचावी ते पाहू. ‘सोनोग्राफी मशीन १ नग व कागदपत्रे’ एवढेच लिहिलेल्या यादीवर सही करणे म्हणजे पुढच्या सगळ्या वादांना आमंत्रण देणे होय. यंत्राची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक, प्रोब किती व कोणते, यंत्र चालू स्थितीत होते का, हार्ड डिस्क काढली की यंत्रासह सील केली, सील कुठे लावले आणि त्यावर कोणाच्या सह्या आहेत, हे सगळे यादीत यायला हवे. एफ फॉर्म (गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद करण्याचा विहित नमुना) नेले असतील तर ‘एफ फॉर्मचा गठ्ठा’ असे न लिहिता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, अनुक्रमांक किती ते किती, एकूण पाने किती, असे लिहून घ्यावे. एखादा फॉर्म नंतर ‘सापडला नाही’ किंवा ‘कोरा होता’ असे म्हटले गेले, तर ही एक ओळच कामी येते. पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळही पाहावी. यादीत उणीव दिसली आणि अधिकारी ती भरून घ्यायला तयार नसले, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात: अमुक वस्तू यादीत नाही, अमुक बाब सांगूनही नोंदली नाही. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या छापील नमुन्यावर सही करू नये.

शोधाचे चित्रीकरण होते का? आम्ही स्वतः चित्रीकरण करू शकतो का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये शोध व जप्तीची प्रक्रिया, यादी करणे आणि साक्षीदारांच्या सह्या यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद आहे. पथकाने चित्रण केले असेल तर तसा उल्लेख पंचनाम्यात आहे का हे पाहावे. रुग्णालयाचा सीसीटीव्ही सुरू असेल तर तो बंद करू नये आणि त्या दिवसाचे चित्रण लगेच वेगळे जतन करावे, कारण अनेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. रुग्णांच्या तपासणीची जागा मात्र कोणाच्याही कॅमेऱ्यात येऊ देऊ नये.

एफ फॉर्ममधील किरकोळ चूकही गुन्हा ठरते का?

डॉक्टरांच्या मनात सर्वाधिक राग याच तरतुदीबद्दल आहे आणि तो समजण्यासारखा असला, तरी कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कलम ४(३) च्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अटीनुसार) सोनोग्राफीच्या नोंदीतील कोणतीही उणीव किंवा अचूकतेचा अभाव हा कलम ५ (गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई) किंवा ६ (लिंगनिदानास मनाई) चा भंग मानला जातो. त्याविरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर आहे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र तज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ते फेटाळले आणि नोंदी ठेवणे हा या कायद्याचा कणा असल्याने अशा चुका केवळ कारकुनी म्हणून सोडता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली.

तरीही परंतुकातील ‘विरुद्ध सिद्ध केल्याखेरीज’ हे शब्द निरर्थक नाहीत. पत्त्यात गल्लीचे नाव राहिले, पण रुग्णाच्या ओळखपत्राची प्रत, संदर्भ देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, पावती, अहवाल आणि यंत्रातील प्रतिमा हे सर्व त्याच तारखेचे व एकमेकांशी जुळणारे असेल, तर ते गृहीतक खोडून काढण्याची सामग्री तुमच्या हातात आहे. त्यामुळे बचावाची तयारी नोटीस आल्यावर होत नाही. ती प्रत्येक रुग्णामागे जोडलेल्या या कागदांतून रोज होत असते. दरमहा ५ तारखेपर्यंत पाठवायच्या अहवालाची पोहोचही याच साखळीतील एक कडी आहे. नोंदी किमान २ वर्षे जपायच्या असतात, पण प्रकरण सुरू असेल तर ते अंतिमतः निकाली निघेपर्यंत त्यांना हात लावू नये.

तपासणी होणार असे कळल्यावर अपूर्ण नोंदी पूर्ण करून ठेवाव्यात का?

मागील तारखेने नोंद भरणे, रकान्यावर खोडरबर किंवा पांढरी शाई लावणे, दुसऱ्याच्या नावाने सही करणे हे कदापि करू नये. मूळ चूक कदाचित खुलाशाने मिटली असती; बनावट पुरावा तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२८ व २२९ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पुराव्याचा कागद वा संगणकीय नोंद नष्ट करण्याला कलम २४१ लागू होते. खरी दुरुस्ती करायचीच असेल तर चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारून तो वाचता येईल असा ठेवावा, शेजारी योग्य मजकूर, आजची तारीख व सही करावी. संगणकावरील नोंदीत बदल केव्हा झाला हे यंत्रणेत दिसते, एवढे ध्यानात असले तरी पुरेसे आहे.

नोटीस न देता नोंदणी निलंबित करता येते का?

नेहमीचा मार्ग गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कलम २०(१) व (२) चा आहे: कारणे दाखवा नोटीस, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी, सल्लागार समितीचे मत, आणि मगच निलंबन किंवा रद्दीकरण. कलम २०(३) हा त्याला अपवाद आहे. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास प्राधिकारी नोटीस न देता निलंबन करू शकतो, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ‘सार्वजनिक हितास्तव’ एवढे दोन शब्द म्हणजे कारणे नव्हेत. या केंद्राच्या बाबतीत नोटिशीची वाट पाहणे का शक्य नव्हते, हे आदेशातच दिसायला हवे. आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून पुरवता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्येच सांगितले आहे. म्हणून आदेश मिळताच त्याची मूळ प्रत आणि मिळाल्याची तारीख जपावी.

निलंबनाविरुद्ध अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे?

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. नियम १९ नुसार उपजिल्हा पातळीवरील आदेशाविरुद्ध जिल्हा समुचित प्राधिकाऱ्याकडे आणि जिल्हा पातळीवरील आदेशाविरुद्ध राज्य समुचित प्राधिकाऱ्याकडे जाता येते व अपील ६० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. राज्य प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध कलम २१ खाली राज्य शासनाकडे अपील होते. अपिलासोबत निलंबनाला अंतरिम स्थगिती देण्याचा स्वतंत्र अर्ज जोडावा, कारण स्थगिती मिळाली नाही तर अपील निकाली निघेपर्यंत निलंबन अमलातच राहते.

चौकशीत पोलीस आले तर? जबाब द्यावाच लागतो का?

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र असले तरी कलम २८ नुसार न्यायालय दखल घेते ती समुचित प्राधिकाऱ्याच्या किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. अन्य व्यक्तीला आधी प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. नियम १८-अ तर प्राधिकाऱ्यांना शक्यतो तपासात पोलिसांना ओढू नये असेच सांगतो.

आरोपी असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण आहे. त्याची व्याप्ती मात्र ओळखून असावे: कायदेशीर शोधात सापडलेल्या कागदांना ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात म्हटले आहे. कायद्याने ठेवायलाच सांगितलेली नोंदवही ‘मी दाखवणार नाही’ असे म्हणता येत नाही. ‘ही नोंद अशी का आहे’ याचे स्पष्टीकरण वकिलांशी बोलून लेखी देईन, असे मात्र म्हणता येते. पोलिसांपुढील जबाबावर सही करण्याची गरज नसते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, तिची गरज लेखी नोंदवावी, हा अर्नेश कुमार प्रकरणातील २०१४ चा दंडक इथेही लागू होतो, कारण या कायद्यातील कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे.

जप्त केलेले सोनोग्राफी यंत्र परत मिळू शकते का?

प्रकरण न्यायालयात गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे यंत्र ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करता येतो. जप्त मुद्देमाल वर्षानुवर्षे सडत ठेवू नये, छायाचित्रे व बंधपत्र घेऊन तो परत देण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. यंत्र मिळाले तरी नोंदणी निलंबित असताना ते वापरता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

रुग्णांची गोपनीय माहिती पथकाला द्यावी लागते का?

ज्या कायद्याखाली तपासणी आहे त्या कायद्याने मागितलेल्या नोंदी द्याव्या लागतात, त्यापलीकडच्या नाहीत. गर्भपात केंद्रांच्या प्रवेश नोंदवहीबाबत विशेष दक्षता लागते. वैद्यकीय गर्भपात विनियम, २००३ नुसार ही नोंदवही गोपनीय दस्तऐवज आहे आणि कायद्याने अधिकार असल्याखेरीज ती कोणालाही पाहू देता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५-अ नुसार कायद्याने प्राधिकृत नसलेल्या व्यक्तीला स्त्रीचे नाव वा तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जो घाबरून सगळी कपाटे उघडून देतो, तो स्वतःच गुन्ह्यात अडकू शकतो. एचआयव्ही बाधितांची माहिती आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी यांनाही २०१७ च्या दोन स्वतंत्र कायद्यांनी संरक्षण दिले आहे. अशा नोंदी मागितल्यास लेखी मागणीपत्र, त्यात कलमाचा उल्लेख आणि दिलेल्या पानांची यादी, असा क्रम ठेवावा.

जन आरोग्य योजनेच्या लेखापरीक्षणात दावे नाकारले किंवा वसुली लावली, तर काय करता येते?

योजनेतील अंगीकृत (योजनेत सामील करून घेतलेले) रुग्णालय आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी यांच्यातील नाते करारातून येते, त्यामुळे पहिला संदर्भ कराराचा व त्यात समाविष्ट केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा घ्यावा. तक्रार निवारणाच्या पायऱ्या आणि मुदती तिथेच असतात. त्या चुकवून थेट न्यायालयात गेल्यास ‘आधी तो मार्ग वापरा’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

वसुलीच्या नोटिशीत तीन गोष्टी शोधाव्यात. कोणत्या रुग्णांचे कोणते दावे, प्रत्येकावर कोणता आक्षेप, आणि रकमेचा हिशेब कसा केला. काही वेळा मोजक्या फाइली तपासून त्यावरून सगळ्या दाव्यांवर टक्केवारी लावलेली दिसते. अशा वेळी नमुना कोणी, कसा निवडला आणि करारात अशा हिशेबाला आधार कुठे आहे, हे लेखी विचारावे. उत्तर दाव्यागणिक द्यावे: पूर्वपरवानगीची तारीख, दाखल होतानाची स्थिती, तपासण्या, शस्त्रक्रियेची टिपणे, घरी सोडतानाचा कागद. ‘सर्व आरोप निराधार आहेत’ असे चार पानांचे सात्त्विक संतापाचे उत्तर कोणाच्याही उपयोगाचे नसते.

कागद कमी पडणे आणि लबाडी या दोन्हींत अंतर आहे, आणि नोटीस त्यांतले नेमके काय म्हणते हे काळजीपूर्वक वाचावे. छायाचित्र जोडायचे राहिले म्हणून दावा नाकारला जाणे ही पैशांची बाब झाली. न केलेली शस्त्रक्रिया दाखवली, हा आरोप फौजदारी प्रकरणाकडे नेतो. दुसऱ्या प्रकारची नोटीस असेल तर पहिले उत्तर जाण्यापूर्वीच वकिलांचा हात त्यावर फिरायला हवा.

अंगीकरण रद्द करून काळ्या यादीत टाकण्याआधी सुनावणी आवश्यक आहे का?

आहे, आणि या बाबतीत न्यायालयांची भूमिका बरीच ठाम आहे. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, हे १९७४ च्या इरुशियन इक्विपमेंट निकालापासून प्रस्थापित आहे. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस आणि २०२० च्या यूएमसी टेक्नॉलॉजीज या निकालांनी त्यात भर घातली: नोटिशीत केवळ आरोप पुरेसे नाहीत, काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे त्यातून स्पष्ट व्हायला हवे. त्यामुळे ‘खुलासा सादर करावा’ एवढ्यावर थांबणाऱ्या नोटिशीनंतर थेट काळ्या यादीचा आदेश निघाला, तर तो आव्हानास पात्र ठरतो. हे निकाल सरकारी कंत्राटांच्या संदर्भातील आहेत, पण त्यामागचे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व रुग्णालयांसाठीही मांडता येते. कुलजा इंडस्ट्रीज (२०१३) नुसार अशी बंदी कायमची असू शकत नाही. कालावधी आरोपाच्या गांभीर्याशी सुसंगत हवा.

ज्या अहवालावरून नोटीस आली, तो अहवालच दिला नाही तर?

उत्तर देण्याआधी तो लेखी मागावा आणि मिळेपर्यंत मुदतवाढ मागावी; पण मूळ मुदत संपण्यापूर्वी हातात असलेल्या माहितीवर अंतरिम उत्तर दाखल करूनच. टी. ताकानो विरुद्ध सेबी (भांडवली बाजाराचे नियामक मंडळ) या २०२२ च्या निकालात, नोटिशीचा आधार असलेला तपास अहवाल उघड करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य मानले गेले. त्रयस्थांची गोपनीय माहिती तेवढी झाकता येते. माहिती अधिकार कायद्याखालीही अर्ज करता येतो, मात्र तपासात बाधा येईल असे कारण देऊन कलम ८(१)(ह) खाली नकार मिळू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

महापालिकेने नर्सिंग होमची नोंदणी रद्द करायचे ठरवले तर?

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ नुसार रद्द करण्यापूर्वी किमान एका कॅलेंडर महिन्याची, कारणे नमूद केलेली नोटीस द्यावी लागते. त्या महिन्यात ‘मला म्हणणे मांडायचे आहे’ असे लेखी कळवल्यास सुनावणी द्यावी लागते. न कळवल्यास ती संधी हातची जाते.

आयकर व जीएसटी पथकांच्या बाबतीत कोणत्या मर्यादा आहेत?

आयकराचे ‘सर्वेक्षण’ आणि ‘झडती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ च्या अधिनियमातील कलम १३३अ खालील सर्वेक्षण कामकाजाच्या वेळेत सुरू व्हावे लागते, त्यात रोकड किंवा साठा उचलून नेता येत नाही, आणि हिशेबाच्या वह्या ताब्यात घ्यायच्या तर कारणे नोंदवावी लागतात. सुट्या वगळून १५ दिवसांपेक्षा जास्त काळ त्या ठेवायला वरिष्ठांची मंजुरी लागते. सर्वेक्षणात घेतलेला जबाब शपथेवरचा नसतो, म्हणून केवळ त्यावरून उत्पन्न वाढवता येत नाही, असा मद्रास उच्च न्यायालयाचा खादर खान सन प्रकरणातील निर्णय सर्वोच्च न्यायालयातही टिकला आहे. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले असल्याने नोटिशीवर कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे ते पाहावे.

जीएसटीचे कलम ६५ खालील लेखापरीक्षण नोंदणीकृत व्यक्तीचेच होते. किमान १५ कामकाजाच्या दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि काम तीन महिन्यांत संपवावे लागते, ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंतच वाढू शकते. वैद्यकीय सेवा बहुतांश करमुक्त असल्याने वाद सहसा औषध दुकान, जागेचे भाडे किंवा सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया यांवरून उद्भवतात.

औषध किंवा सांडपाण्याचा नमुना घेतला तर?

औषध निरीक्षकाने साठा न विकण्याचा लेखी आदेश दिल्यास तो २० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि शासकीय विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे लेखी कळवावे लागते. जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ खाली नमुना तुमच्या समक्ष दोन भागांत विभागून, दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद करायचा असतो.

वकिलांशी झालेला पत्रव्यवहार पथक मागू शकते का?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार अशिलाने वकिलाशी केलेला व्यावसायिक संवाद संरक्षित आहे. मात्र मूळ नोंदवही वकिलांच्या कार्यालयात नेऊन ठेवली म्हणून ती संरक्षित होत नाही, आणि सनदी लेखापालांशी झालेल्या बोलण्याला हे कवच नाही. अंतर्गत चौकशीचे टिपण करायचे असेल तर ते वकिलांच्या सूचनेवरून व त्यांना उद्देशून केलेले बरे.

उच्च न्यायालयात थेट केव्हा जाता येते?

अपिलाचा मार्ग उपलब्ध असताना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील याचिका सहसा ऐकली जात नाही. व्हर्लपूल कॉर्पोरेशन (१९९८) निकालाने अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्काची पायमल्ली, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्राचा पूर्ण अभाव, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. नोटीस न देता काढलेला आणि कारणे नसलेला आदेश यांत बसू शकतो. ‘अधिकाऱ्याने माझा पुरावा नीट वाचला नाही’ ही तक्रार बसत नाही, ती अपिलातच मांडावी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे ही दाद मागता येते. याचिका करायचे ठरले तरी अपिलाचे ३० दिवस उलटू देऊ नयेत. याचिका पर्यायी मार्गाच्या मुद्द्यावर फेटाळली गेली तर मुदत संपलेले अपील हा एक नवाच वाद होऊन बसतो, आणि विलंब माफीचा अर्ज करण्याची वेळ येते.